चार चादरींच्या आत

घर, तळ्याकाठ
१२ फेब्रुवारी १९८४

ती. मेसियाताईस,
तुझा उजवा हात इथूनच ओढून कपाळाला लावते. वि. वि.

तुझं पत्र आणि बिस्किटांचा डबा दोन्ही पोचले. डबा पास्काला आत्याने ताब्यात घेतला आणि पत्र मला दिलं, म्हणजे घरातली रीत तू गेल्यावरही बदललेली नाही. तुझी हाँगकाँगची मालकीण कुत्र्याला स्वेटर घालते हे वाचून दाखवलं तेव्हा आत्याने क्रूस केला आणि विचारलं, की मेसिया एवढी शिकून कुत्र्याला आंघोळ घालायला गेली काय. मी सांगितलं, नुसती आंघोळ नाही, स्वेटरची बटणंसुद्धा तीच लावते.

आत्याच्या डोळ्यांची मात्र थट्टा करण्यासारखी गत राहिली नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मनिलाचा डॉक्टर म्हणतो पिकू द्या, आत्या म्हणते मी काय आंबा आहे. परवा तिने कॉफीत मीठ घातलं आणि वर मलाच फैलावर घेतलं. गेल्या गुड फ्रायडेला आपल्या घरच्या मातेला, येशूच्या आईच्या मूर्तीला, कपडे चढवताना तिच्या बोटांत इतक्या टाचण्या घुसल्या, की मातेच्या पांढऱ्या रुमालावर रक्ताचे ठिपके पडले आणि त्रिनिंग काकू चमत्कार चमत्कार म्हणून ओरडायला लागली. आत्याने तिला सांगितलं की रक्त माझं आहे, तू जरा गप्प बस.

तेव्हा आता मातेला कोण नेसवणार, हा प्रश्न आहे. वरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटातून मातेला काढायचं, भोवती चार चादरी धरायच्या, आत फक्त बायका. मी बारा वर्षं दर साली मातेचा काळा पोशाख शिवते. आत्या माप सांगते, कंबर एकवीस इंच, बाकी सगळं सरळ खाली, आत कांजीचे पाच परकर. मी शिवते आणि चादरीबाहेर मांडी घालून फटीतून एकेक टाचणी आत देते. चादरी पडल्या की मग सगळ्या गावाबरोबर मलाही माता दिसते, डोक्यावर तू कापून दिलेले केस मिरवत. तुझ्या केसांना जेवढा मान आहे त्याच्या चौथाईसुद्धा तुला नव्हता हे लक्षात असू दे.

ताई, मला आत जायचं आहे. हे मी अजून कुणाजवळ बोलले नाही. गावाला आम्ही बाकला, म्हणजे बाप्याच्या अंगात बाईचा जीव, काही नवे नाही. नवरीचं तोंड रंगवायला, मातेच्या गाड्यावर फुलं चढवायला, मे महिन्यातल्या मिरवणुकीच्या राण्यांचे घागरे शिवायला आमच्याशिवाय पान हलत नाही. छप्पर गळलं की मी घरातला पोरगा, झालर लावायची असली की घरातली पोरगी. मला त्याचं काही वाटत नाही. पण त्या चार चादरींशी आले की मी बाप्या ठरते आणि बाहेर राहते. मी नऊ वर्षांची असताना तापात गेलेच होते, आणि आईने मला मातेच्या सेवेला वाहिलं. वाहिलेल्या पोराला उंबऱ्याबाहेर किती वर्षं बसवायचं? आत्याला विचारू का? तू थोरली आहेस, सांग.

लोभ पाठव, बिस्किटं मलाच मिळतील अशी वेगळी बांधून पाठव.

तुझी,
दोरिंग

•

हाँगकाँग
२५ फेब्रुवारी १९८४

चि. दोरिंगला,
अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक पाठीत धपाटा म्हणून घे.

कुत्र्याची बटणं मी लावते हे आत्याला सांगायची काय गरज होती? आता ती तळ्याच्या दोन्ही काठांना सांगणार. कुत्रा मात्र गुणी आहे. मीठ-साखरेवरून भांडत नाही.

विचार की. न विचारता बारा वर्षं गेली, विचारून काय जास्त जाईल? फक्त आत्या उपाशी असताना विचारू नकोस आणि त्रिनिंग काकू समोर असताना तर मुळीच नको. सकाळी तिची दोन कबुतरं दाणे टिपून गेली की ती जरा मऊ असते. पोराला वाहिल्याची गोष्ट तिला आठवण करून दे. ती आईजवळ तेव्हा उभी होती.

आपली आजी सांगायची ते तुला आठवत नसेल, तू फार लहान होतीस. ती म्हणायची की गोरे पाद्री तळ्याकाठी यायच्या आधी इथे आजारी माणसाच्या उशाशी तुझ्यासारखेच बसायचे, बाईचं नेसून, आणि पलीकडच्यांशी बोलायचे. पाद्र्यांनी त्यांचे केस कापले आणि त्यांना नांगराला लावलं. आजी म्हणायची, ते कुठे गेले नाहीत, शिवणाच्या डब्यात लपून बसलेत. तेव्हा मला वाटायचं डब्यात खरंच कुणीतरी आहे, आणि मी सुई घ्यायला घाबरायची.

एक सांगते. बारा वर्षांची असताना मेणबत्ती धरायला मी एकदा आत गेले होते, हे तुला माहीत आहे. आतलं बाहेर बोलणार नाही अशी मातेच्या पायाशी शपथ घेतली आहे. म्हणून मला काही विचारू नकोस. आत काय असेल याची फार स्वप्नं रंगवू नकोस, एवढंच म्हणते. यापुढे माझ्याकडून शब्द काढू पाहशील तर कुत्र्याचं माप पाठवीन आणि तुझ्याकडून स्वेटर विणून घेईन.

आत्याच्या डोळ्यांत औषध वेळेवर घाल. माया आहेच, ती काही टपालावर अवलंबून नाही.

मेसिया

•

घर
१४ मार्च १९८४

ती. ताईस, हात कपाळाला.

विचारलं. कबुतरं जेवली होती, आत्याही जेवली होती, मी वाहिल्याची गोष्ट काढली. आत्याने तोंड कबुतरांकडे केलं, म्हणजे ती जिथे असावीत असं तिला वाटत होतं तिकडे. मग म्हणाली की मातेची सेवा करणाऱ्या सभेतल्या बायकांना विचारते. मला तिथेच कळायला हवं होतं.

रविवारी सगळ्या नऊजणी आपल्याकडे आल्या. मी केळीच्या पानात वळलेला चिकट भात केला होता, चाळीस नग. माझ्याच घरात, माझाच भात खात, मी बाई की बाप्या यावर दोन तास खल झाला, आणि मी मधूनमधून नारळाचा रस वाढत होते. त्रिनिंग काकू म्हणाली की तो पाण्याची पिंपं उचलतो, छपरावर चढतो, तो बाप्याच. म्हाताऱ्या सेपा आजीने विचारलं की तुझ्या सुनेचं बाळंतपण अडलं तेव्हा तिच्या उशाशी रात्रभर कोण होतं, तेव्हा कुणाला लाज वाटली नाही ती मातेला कशी वाटेल? काकूने त्यावर आणखी एक भात घेतला. नव्या पाद्रींना बोलावलं. ते म्हणाले की याबद्दल माझ्या पुस्तकात काही नाही, हा बायकांचा मामला आहे. आणि तीन नग खिशात घालून गेले. गाडा ओढणाऱ्या पुरुषांच्या यादीत मात्र त्यांनी माझं नाव आधीच घातलेलं आहे.

शेवटी सगळ्या आत्याकडे बघायला लागल्या. आत्या म्हणाली, आत बेनिल्दा येईल. त्रिनिंग काकूची भाची, बावीस वर्षांची, डोळे तेज आहेत म्हणे. ते खरंच तेज आहेत, आरशात स्वतःला ती शंभर पावलांवरून ओळखते. सुईत दोरा ओवायला मात्र तिला मीच लागते.

मी आत्याला नंतर कारण विचारलं. मी बाप्या म्हणून का? ती नाही म्हणाली. मग का? तर म्हणाली, तुला आत नेणार नाही, तू सोडून कुणालाही नेईन. ताई, हे माझ्या जिव्हारी लागलं. परक्या बाईने हाकललं तर माणूस शिवी देऊन मोकळं होतं, आत्याला काय द्यायचं?

दोन दिवस मी कात्रीला हात लावला नाही. मग ठरवलं. मला मातेचं अंग बघायला देत नाहीत ना, तर निदान माझ्या कपड्याला ते कळू दे. बारा वर्षं आत्याच्या मापाने मी मातेला पोतं शिवत आले, कंबर आणि मग सरळ खाली. ती काय पोतं आहे? ती बाई आहे, तिने पोर वाढवलंय. यंदाची मखमल मी जिवंत बाईच्या बेताने कापली आहे, छातीला गोलाई, कमरेला चिमटा, नितंबांवरून खाली घोळ. ते पाच परकर उसवून त्यांचं अस्तर केलं. चांगली मखमल आपल्या वजनाने पडते, तिला कांजी लागत नाही. आत्याला यातलं सांगितलेलं नाही. तिला दिसत नाही, आणि बेनिल्दाला कळत नाही.

तुझ्या लोभाची या खेपेला खरोखर गरज आहे.

दोरिंग

•

हाँगकाँग
२७ मार्च १९८४

चि. दोरिंग,
आशीर्वाद नंतर, आधी हे वाच.

पोशाख जुन्या मापाने कर. उसवलेले परकर परत शीव, कांजी घाल, पाचच्या पाच. कारण विचारू नकोस, मला सांगता येत नाही. गंमत करत नाहीये. आत्या जे माप सांगते ते बरोबर आहे.

आत्याने नाही म्हटलं याचं मलाही वाईट वाटलं. काल भांडी घासताना तिच्याशी मनातल्या मनात इतकी भांडले की मालकिणीची एक बशी फुटली. पण तिच्यावर रागावून मखमल कापू नकोस. तुझं पत्र वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. कुत्र्याला उलटा स्वेटर घातला, तो बिचारा तसाच बागेत फिरून आला.

माझं एवढं ऐक. तुला लहानपणी कडेवर घेऊन हिंडले त्याची शपथ.

मेसिया

•

घर
८ एप्रिल १९८४

ती. ताईस, हात कपाळाला, जरा नाखुशीनेच.

म्हणजे तूही त्यांच्यातलीच. आत काय ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक, आणि मी मात्र कारण न विचारता कांजी घालायची. कुत्र्याची बटणं लावणारीने मला कापड बेतायला शिकवू नये. गावात विचार, माझा घागरा कुणाच्या अंगावर कधी चुकला नाही.

बाकी ठीक. घरात कालपासून येशूच्या दुःखाचं गायन बसलं आहे, गाणाऱ्यांचे घसे बसलेत, मी आलं उकळून देते. पोशाख झाला. हात लावून बघितला तर मला माझाच हेवा वाटला.

रागावले असले तरी तुझीच,
दोरिंग

•

घर
२३ एप्रिल १९८४, सोमवार

ती. प्रिय ताईस,
दोन्ही हात कपाळाला लावते. आधी माफ कर, मग पुढचं वाच.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता चादरी धरल्या. आत आत्या, त्रिनिंग काकू, बेनिल्दा. मी बाहेर टाचण्यांची डबी घेऊन. गाड्यावर फुलं चढली होती, खाली गाडा ओढणारे जमले होते, मिरवणूक चारला निघायची होती. पहिली टाचणी गेली, दुसरी गेली. मग बेनिल्दाचं मुसमुसणं. त्रिनिंग काकू कुजबुजली की ही तर भिजलेल्या कोंबडीसारखी दिसते, अशी कशी न्यायची गावासमोर. गेल्या वर्षीचा पोशाख नव्हताच, तो रिवाजाप्रमाणे कापून आजारी माणसांना तुकडे तुकडे वाटलेला. परकर मीच उसवलेले. माझा कपडा चुकला होता, आणि कसा चुकला ते मला कळत नव्हतं.

मी फटीतून पुढची टाचणी दिली. आत्याच्या हाताने टाचणी घेतली नाही, माझं मनगट धरलं आणि ओढलं. काकू ओरडली की अगं तो बाप्या आहे. आत्या म्हणाली, असेना का, मला आता हिच्याशिवाय कोण आहे. आणि मी आत होते.

ताई, तू बघितलंयस, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. मान वाकवूनच आत गेले. वाटलं होतं की बघू नये ते दिसेल आणि मी तिथेच मरेन. मग वर बघितलं. तो हस्तिदंती चेहरा, ते दोन हात, आणि त्यांच्यामध्ये एक ओबडधोबड खुंट. कमरेखाली नुसत्या लाकडी पट्ट्या, कोंबड्या झाकायच्या डालग्यासारख्या. अंग नाहीच. त्या पट्ट्यांत माझी मखमल आत ओढली जाऊन लोळत होती. कांजीचे पाच परकर कशाला लागायचे ते तेव्हा कळलं.

मी रडले नाही. रडायला वेळच नव्हता, ते नंतर झालं. धावत खाली गेले, माझी पेटी उघडली आणि मे महिन्याच्या सौंदर्यस्पर्धेत मी आत बांधते ते सगळं घेऊन आले. छातीचे दोन, नितंबांचे दोन, मांड्यांच्या स्पंजाच्या पट्ट्या, नाड्यांसकट. काकूने ते ओळखलं आणि दोनदा क्रूस केला. आत्याला दिसत नव्हतं, तिने हाताने चाचपलं आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, माझं अंग आहे. तिनेच पहिली नाडी बांधायला धरली. बेनिल्दा टाचण्या देत होती, आणि बऱ्या देत होती, तिला शिकवता येईल. माझ्या अंगाला बेतलेलं सगळं मातेला नीट बसलं. मखमल पडली, ताई, जशी पडायला हवी तशी पडली.

चादरी सोडल्या तेव्हा जिन्यावरची माणसं एकमेकांना ढकलत वर आली. सेपा आजी म्हणाली की यंदा माता जिवंत दिसते. पाद्रींनी प्रवचनात सांगितलं की आज तिच्याकडे बघून मला माझी आई आठवली. त्रिनिंग काकू माझ्या शेजारी उभी होती, तिने खोकून घेतलं. मी तीन तास गाडा ओढला, पुरुषांच्या रांगेत, आणि सगळी वाट पाठीमागे माझंच अंग चाललं होतं.

काल आत्याने मला जवळ बसवलं. म्हणाली की तू बाप्या म्हणून मी नाही म्हटलं नव्हतं. बाकीच्या बायका आत येतात, पट्ट्या बघतात, खांदे उडवतात आणि घरी जाऊन भात लावतात. तू एकटीच असं शिवायचीस की आत खरंच कुणी आहे. तुला पट्ट्या दाखवल्या आणि तुझा हात थिजला तर मातेला कोण नेसवेल, याची मला भीती होती. मी विचारलं, मग आता? ती म्हणाली, आता पुढच्या वर्षीपासून आत तू, चादर धरायला मी. सभेतल्या बायकांना तिने कळवून टाकलं आहे, विचारलेलं नाही.

मला काय वाटलं ते कुणाला सांगता आलं नाही, तुला सांगते. बारा वर्षं मला वाटायचं की आत एक पुरी बाई आहे आणि तिच्यासमोर उभं राहायची माझी लायकी नाही. आत गेले तर तिच्याजवळ एक चेहरा आणि दोन हात, बाकी दर वर्षी कुणीतरी कापडाने जुळवून द्यायचं. मी रोज सकाळी आरशासमोर तेच करते. मला तिची लाज वाटली नाही, आणि तिलाही माझी वाटली नसावी.

आता एक अडचण. माझं सामान परत मिळत नाही. मातेच्या अंगाला लागलेलं घरात वापरता येत नाही असं नऊजणींनी एकमताने ठरवलं. सकाळी त्रिनिंग काकू स्वतः आली, आपले गुडघे दाखवले आणि स्पंजाचा एक तुकडा मागून गेली. मेची स्पर्धा पाच आठवड्यांवर आली आहे आणि मी पाटीसारखी सपाट आहे.

तुझं ऐकलं नाही म्हणून कान पकडते. माया कमी करू नकोस.

दोरिंग

•

हाँगकाँग
४ मे १९८४

चि. दोरिंगला,
सगळे आशीर्वाद, धपाटा नाही.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं, आणि मालकिणीने विचारलं की घरी कुणी गेलं का. मी नाही म्हटलं आणि पुन्हा रडायला लागले. तिने मला खुर्चीवर बसवून चहा दिला. कुत्राही येऊन पायाशी बसला.

आता तू आत जाऊन आलीस, तेव्हा तुझ्याशी बोलायला शपथ आड येत नाही. त्या दिवशी मेणबत्ती धरून बाहेर आले तेव्हा माझे डोळे लाल होते. तू सहा वर्षांची, माझा घागरा धरून विचारत होतीस काय झालं, आणि मी सांगितलं की धूर गेला. धूर नव्हता. मी त्या पट्ट्या बघितल्या आणि मला वाटलं की माता नाहीच, आपल्याला सगळ्यांनी फसवलं. त्यानंतर एकवीस वर्षं मी तिच्यासमोर गुडघे टेकले, पण मनापासून हात जोडले नाहीत. तिला केस दिले तेसुद्धा आत्याने मागितले म्हणून. हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, कबुलीच्या खिडकीत पाद्रींनाही सांगितलं नाही.

आणि तू तेच बघितलंस. मला तिथे काही नाही एवढंच दिसलं. तुला तिथे काय कमी आहे ते दिसलं, आणि तू खाली पळालीस, आपल्या अंगचं काढून तिला दिलंस. वाहिलेलं पोर कशाला म्हणतात ते मला आत्ता कळतंय. गेल्या रविवारी इथल्या देवळात गेले. इथली माता काचेत आहे, तिच्या आत काय आहे कुणास ठाऊक. मी हात जोडले.

आता कामाचं. इथे स्पंज फार चांगला मिळतो, मऊ आणि न दबणारा. एकोणीस तारखेच्या शनिवारी माझी सुटी आहे, दुसऱ्या दिवशी रविवारी गावची एकजण विमानाने निघते आहे, तिच्याबरोबर पाठवते. छातीचं, कमरेचं, नितंबांचं माप लगेच तारेने कळव. आणि बाई, खरं कळव, स्पर्धेसाठी फुगवून नको. दुकानदारासमोर मलाच हाताने दाखवावं लागणार आहे.

तुझी ताई,
मेसिया